कुस्ती ठरवलेली, भांडण खरं

१८ डिसेंबर १९९५ च्या रात्री अमेरिकेत टीएनटी या केबल चॅनेलवर 'मंडे नायट्रो' नावाचा कुस्तीचा कार्यक्रम चालू होता. मध्येच एक बाई समालोचकांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात चामड्याचा, चकचकीत बिल्ल्यांचा पट्टा. पट्टा नायट्रोवाल्यांचा नव्हता. समोरच्या कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, महिला अजिंक्यपदाचा होता. तिनं तो कॅमेऱ्यासमोर धरला, त्याच्याबद्दल आपलं मत सांगितलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिला.

बाईचं नाव मडूसा. थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत ती डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये अलंड्रा ब्लेझ या नावानं लढत होती. कंपनीनं तिचा करार संपवला आणि पट्टा परत घ्यायचं राहून गेलं. नायट्रोचा कर्ताधर्ता एरिक बिशॉफ याला हे कळलं, तेव्हा त्यानं तिला फक्त पट्टा घेऊन यायला सांगितलं. महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा कुणी अशी डब्यात टाकली, तर आपल्याकडे काय होईल याची कल्पना करा.

पण इथंच नवख्या माणसाला प्रश्न पडतो. त्या कुस्त्या तर ठरवलेल्या असतात ना? मग तो पट्टाही खोटाच. खोटा पट्टा डब्यात गेला तर कुणाचं काय बिघडलं?

पुढची सव्वापाच वर्षं अमेरिकेत दर सोमवारी रात्री दोन कार्यक्रम एकमेकांच्या उरावर बसले होते. ते सगळं भांडण समजून घ्यायला हाच प्रश्न पुरेसा आहे.

आधी मुळातला धंदा बघू. आपल्याकडे 'नुरा कुस्ती' हा आरोप आहे. दोन पैलवानांनी आतून संगनमत केलं असं कळलं तर मैदानावर दगड पडतात. अमेरिकेतल्या प्रोफेशनल रेसलिंगमध्ये नुरा कुस्ती हाच व्यवसाय आहे. कोण जिंकणार हे आधी ठरतं, दोघांना ते माहीत असतं, आणि दोघं मिळून लोकांना ते खरं वाटेल अशा रीतीनं खेळतात. सज्जन पैलवानाला 'फेस' म्हणतात, दुर्जनाला 'हील'. हे सगळं खरंच आहे असं बाहेर भासवत राहण्याच्या रिवाजाला 'केफेब' म्हणतात. पूर्वी हा रिवाज इतका कडक होता की गोष्टीतल्या वैऱ्यांनी एका गाडीतून प्रवास करणंही गुन्हा समजला जाई. पडणं मात्र खरं असतं. पाठ खरी दुखते, गुडघे खरे जातात. आणि नाटकातला खून खोटा आहे म्हणून तिकिटाचे पैसे कुणी परत मागत नाही.

तर मग यात खरं काय? तिकिटं, जाहिराती, कोणता पैलवान कुणाच्या करारात आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सोमवारी रात्री लोकांच्या टीव्हीवर कोणतं चॅनेल लागलेलं आहे. आखाड्यातला निकाल लेखकाच्या हातात, पण रिमोट लोकांच्या हातात. मंगळवारी दुपारी रेटिंग यायचं आणि या धंद्यातला तेवढा एक निकाल कुणीही आधी ठरवलेला नसायचा.

रेटिंग म्हणजे आपल्या टीआरपीचंच भावंड. ज्या घरांत ते चॅनेल दिसतं, त्यांतल्या शेकडा किती घरांत कार्यक्रम लागला होता, असा साधारण हिशोब. शिवाय दर पंधरा मिनिटांचा वेगळा आकडा मिळायचा. त्यामुळे कोण आल्यावर लोक थांबले आणि कोण आल्यावर पलीकडे गेले हे स्पष्ट दिसायचं. रात्री साडेआठच्या मालिकेसमोर दुसऱ्या वाहिनीनं मुद्दाम लग्नाचा महाएपिसोड लावावा, हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. इथं तो वर्षाचे बावन्न आठवडे चालला.

आता दोन्ही घराणी. एकीकडे विन्स मॅकमॅहन. त्यानं १९८२ मध्ये वडिलांकडून डब्ल्यूडब्ल्यूएफ ही कंपनी विकत घेतली. तोवर अमेरिकेत कुस्तीचे इलाखे होते. प्रत्येक प्रवर्तकाचा आपला मुलूख, दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही असा अलिखित करार. मॅकमॅहननं तो धुडकावला, हल्क होगनला पुढे करून देशभर टीव्हीवर पसरला, आणि एकेक इलाखा कोसळत गेला. दुसरीकडे टेड टर्नर, सीएनएनचा संस्थापक. अटलांटातल्या त्याच्या चॅनेलला सुरुवातीच्या काळात जे प्रेक्षक मिळाले त्यांत कुस्तीचा वाटा मोठा होता, आणि टर्नर ते विसरला नव्हता. कॅरोलायना भागातली जिम क्रॉकेटची कंपनी डबघाईला आली तेव्हा १९८८ मध्ये त्यानं ती घेतली. तीच पुढे नायट्रो काढणारी डब्ल्यूसीडब्ल्यू.

यातला फरक लक्षात ठेवा, शेवटी तोच नडणार आहे. मॅकमॅहनचं कुस्तीशिवाय दुसरं काही नव्हतं. टर्नरच्या वाड्यात कुस्ती ही अनेक खोल्यांपैकी एक खोली होती, आणि वाड्यातल्या बऱ्याच सुटाबुटातल्या मंडळींना तिची लाज वाटायची.

मॅकमॅहनचा 'रॉ' हा कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ पासून दर सोमवारी यूएसए नेटवर्कवर चालू होता. १९९५ मध्ये टर्नरनं बिशॉफला विचारलं की मॅकमॅहनशी टक्कर द्यायला काय लागेल. बिशॉफनं रात्रीची मोक्याची वेळ मागितली. टर्नरनं आपल्या टीएनटीवरचा सोमवारच दिला, रॉच्या समोरचा.

पहिला नायट्रो ४ सप्टेंबर १९९५ ला झाला, तोही मिनेसोटातल्या 'मॉल ऑफ अमेरिका' या अवाढव्य मॉलमध्ये. दुकानांच्या मधोमध रिंग, वरच्या मजल्यांच्या कठड्यांवरून वाकलेली माणसं. त्या रात्री टेनिसमुळे रॉ नव्हताच, म्हणजे मैदान मोकळं. रिक फ्लेअर आणि स्टिंग यांची कुस्ती चालू असताना लेक्स लुगर मॉलमधून चालत आला. बघणाऱ्यांना वाटलं डोळे फसताहेत, कारण लुगर मॅकमॅहनचा माणूस. आदल्याच रात्री तो कॅनडात डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात लढला होता. त्याचा करार संपलेला होता, त्यानं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, आणि मॅकमॅहनला ही बातमी प्रेक्षकांबरोबरच कळली.

बिशॉफचं डोकं इथं दिसतं. मॅकमॅहनची कथा जास्त रंगतदार करून सांगण्याच्या भानगडीत तो पडला नाही. केफेबच्या भिंतीला त्यानं एक भोक पाडलं आणि लोकांना सांगितलं, इथून बघा, आतलं खरं भांडण दिसतं. पैलवान खरोखर पळतो, पट्टा खरोखर चोरून येतो. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं समालोचन करता करता रॉचा निकाल फोडला. रॉचे भाग तेव्हा आधी चित्रित व्हायचे, एका रात्री पुढच्या काही आठवड्यांचं चित्रीकरण, कारण त्यात पैसे वाचतात. नायट्रो थेट. तिकडे शॉन मायकल्स जिंकणार आहे, चॅनेल बदलायची तसदी घेऊ नका, असा त्याचा सूर. असभ्य, पण अचूक.

इथं जरा स्वतःचं सांगतो. आमच्या गल्लीत ही कुस्ती टीव्हीपेक्षा पत्त्यांत जास्त खेळली गेली. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती जिंकल्या. माझ्याकडे डिझेल आणि रेझर रॅमन हे दोन हुकमी पत्ते होते आणि मी ते जीवापाड जपायचो. ज्या काळात मी ते जपत होतो, त्या काळात हे दोघे तिकडे कधीच दुसऱ्या कंपनीत जाऊन खऱ्या नावानं लढत होते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

ते असं. रेझर रॅमन म्हणजे स्कॉट हॉल. २७ मे १९९६ ला नायट्रोत एक फुटकळ कुस्ती चालू असताना तो डेनिमच्या कपड्यांत प्रेक्षकांमधून चालत आला आणि माइक घेऊन बोलायला लागला. मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, मी इथं का आलोय ते माहीत नाही, एवढाच मतलब. आपलं नाव त्यानं घेतलं नाही. दोन आठवड्यांनी डिझेल म्हणजे केविन नॅश आला. बघणाऱ्याला वाटावं की मॅकमॅहननं आपली माणसं शत्रूच्या घरात घुसवली आहेत. लोकांना ते इतकं वाटलं की डब्ल्यूडब्ल्यूएफनं कोर्टात दावा लावला. ७ जुलैला या जोडीचा 'तिसरा माणूस' उघड झाला, तो निघाला हल्क होगन. दहा-बारा वर्षं पोरांना जीवनसत्त्वं घ्या, देवाची प्रार्थना करा म्हणून सांगणारा होगन खलनायक झाला. लोकांनी रिंगमध्ये कचऱ्याचा पाऊस पाडला. त्या टोळीचं नाव 'न्यू वर्ल्ड ऑर्डर'.

त्या उन्हाळ्यापासून नायट्रोनं सलग ८३ आठवडे रॉला रेटिंगमध्ये मागे ठेवलं. जवळजवळ दोन वर्षं.

आता पुन्हा तो कचऱ्याचा डबा.

१९९७ च्या शेवटी डब्ल्यूडब्ल्यूएफचा अजिंक्यवीर होता ब्रेट हार्ट, कॅनडाचा, तिथं अक्षरशः राष्ट्रीय नायक. १९९६ मध्ये मॅकमॅहननं त्याला वीस वर्षांचा करार दिला होता, पण वर्षभरात त्याला सांगावं लागलं की हे पैसे मला झेपत नाहीत, तू डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोल. ब्रेट जाणार हे ठरलं. प्रश्न उरला पट्ट्याचा. ब्रेटला कॅनडात, तेही ज्याच्याशी पडद्यामागेही वाकडं होतं त्या शॉन मायकल्सकडून हरायचं नव्हतं. मी नंतर कुठेतरी सोडतो, असं त्याचं म्हणणं. मॅकमॅहनला मात्र डोळ्यांसमोर मडूसा दिसत होती. महिलांचा पट्टा डब्यात गेला तेव्हा चटका बसला होता, इथं तर मुख्य पट्टा नायट्रोवर झळकायची भीती.

९ नोव्हेंबर १९९७, माँट्रियल. ब्रेटशी जे ठरलं होतं त्यानुसार त्या रात्री तो हरणार नव्हता. मायकल्सनं त्याला ब्रेटच्याच पेटंट पकडीत घेतलं. ब्रेटनं शरणागतीची खूण केलेली नव्हती. रिंगणाच्या कडेला उभ्या मॅकमॅहननं ओरडून घंटा वाजवायला लावली. पंच पळाला. दोनेक सेकंद ब्रेटला काहीच उमगलेलं नाही, हे चित्रफितीत दिसतं. मग तो कडेला आला आणि मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला. नंतर बोटानं हवेत तीन अक्षरं काढली: डब्ल्यू, सी, डब्ल्यू. आत खोलीत गेल्यावर त्यानं मालकाला खराखुरा ठोसा लगावला.

नुरा कुस्तीतली दगाबाजी म्हणजे काय, याचं हे सर्वोत्तम उदाहरण. आधी ठरलेला निकाल दोघांपैकी एकाला न सांगता बदलला, म्हणून ती 'खरी' झाली.

या प्रसंगानं मॅकमॅहनचं नाक कापलं जायला हवं होतं. कॅनडात त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. पण तोवर बहुतेक प्रेक्षकांना तो फक्त एक समालोचक म्हणून माहीत होता. आता सगळ्यांना कळलं की हा मालक आहे, आणि दगाबाज मालक आहे. मॅकमॅहननं ही बदनामी पुसायचा प्रयत्न केला नाही, तीच कथेत घातली. पडद्यावर तो 'मिस्टर मॅकमॅहन' झाला: उद्धट, कपटी, नोकरांना चिरडणारा बॉस. आणि त्याच्यासमोर उभा केला स्टीव्ह ऑस्टिन, टकल्या, काळ्या चड्डीतला, बिअर ढोसणारा टेक्सासचा गडी. ऑस्टिनला १९९५ मध्ये दुखापतीमुळे घरी बसलेला असताना फोनवरून काढून टाकणारी कंपनी होती डब्ल्यूसीडब्ल्यू.

नोकर मालकाच्या कानाखाली काढतो, एवढीच गोष्ट. ज्यानं ज्यानं आयुष्यात एकदा तरी साहेबाच्या केबिनमधून दात-ओठ खात बाहेर पाऊल टाकलं असेल, त्याला ती समजावून सांगावी लागली नाही. १३ एप्रिल १९९८ ला ऑस्टिन विरुद्ध मॅकमॅहन अशी कुस्ती रॉवर जाहीर झाली. ती धड झालीही नाही, मध्येच तिसऱ्यानं घुसून मोडली. पण आकडे आले ४.६ विरुद्ध ४.३. ८३ आठवड्यांची मालिका तुटली.

कचऱ्याच्या डब्यानं भीती घातली, भीतीनं माँट्रियल घडलं, माँट्रियलनं खलनायक दिला, आणि खलनायकानं नायट्रोला गाठलं. बिशॉफनं शोधलेलं हत्यार मॅकमॅहननं त्याच्याच गळ्याला लावलं.

नायट्रो मात्र त्या दिवशी मेला नव्हता. त्याच्याकडे गोल्डबर्ग होता, एकामागून एक जिंकत सुटलेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला. ६ जुलै १९९८ ला अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये चाळीस हजारांच्या आसपास गर्दीसमोर त्यानं होगनला हरवून मुख्य पट्टा घेतला. त्या सोमवारी नायट्रो जिंकला. पण धंद्याच्या हिशोबानं बघा. या कंपन्यांची मोठी कमाई 'पे-पर-व्ह्यू'वर होती: महिन्याचा मोठा कार्यक्रम, जो बघायला घरबसल्या वेगळे पैसे मोजावे लागतात. साप्ताहिक कार्यक्रम म्हणजे त्याची जाहिरात. वर्षातली सगळ्यात मोठी कुस्ती बिशॉफनं एका सोमवारच्या आकड्यासाठी फुकट वाटून टाकली. बियाण्याचं धान्य दळायला काढावं तसं.

त्याहून गमतीची गोष्ट ऑक्टोबरमधली. २५ तारखेचा पे-पर-व्ह्यू लांबला आणि गोल्डबर्गची मुख्य कुस्ती चालू असताना पैसे भरलेल्या असंख्य घरांत प्रक्षेपण बंद पडलं. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी नायट्रोवर ती पूर्ण कुस्ती दाखवावी लागली. त्या रात्री नायट्रोनं रॉला हरवलं. ती शेवटची वेळ.

मग आली ४ जानेवारी १९९९ ची रात्र. पुन्हा जॉर्जिया डोम, पुन्हा तुडुंब. नायट्रो थेट, रॉ सहा दिवस आधी वुस्टर गावात चित्रित झालेला. समालोचक टोनी शियावोनीला बिशॉफनं कानात सांगितलं आणि त्यानं जुनी खेळी केली, निकाल फोडला: मिक फोली, जो पूर्वी डब्ल्यूसीडब्ल्यूत कॅक्टस जॅक म्हणून लढायचा, तो आज तिकडे अजिंक्यपद जिंकणार आहे. वर उपरोध, यानं काय खुर्च्या भरणार! फोली म्हणजे स्थूल, केसाळ, लोकांचा लाडका माणूस. डब्ल्यूसीडब्ल्यूत असताना १९९४ मध्ये म्युनिकच्या कुस्तीत त्याचा एक कान तुटला होता. शियावोनी बोलायचा अवकाश, लाखो घरांत चॅनेल बदललं. फोलीला जिंकताना बघायचं होतं लोकांना. निकाल आधी कळला म्हणून गोष्ट बघायची राहते, हा बिशॉफचा समज तीन वर्षांपूर्वी खरा असेलही, आता प्रेक्षकाला फोलीवर माया होती.

जे थांबले किंवा परत आले, त्यांना काय मिळालं? होगन विरुद्ध नॅश. होगननं नॅशच्या छातीला एक बोट टेकवलं. सात फुटी नॅश धाडकन आडवा पडला. होगननं त्याला दाबलं, एक-दोन-तीन, अजिंक्यपद होगनकडे. सगळा बनाव, टोळी पुन्हा एक झाली हे दाखवायला. चाळीस हजार लोक बोटाचा धक्का बघायला आले होते काय? रेटिंग ५.७ विरुद्ध ५.०, रॉच्या बाजूनं. पुढे रॉच्या प्रेक्षकांत फलक दिसायला लागले, फोलीमुळेच मी या खुर्चीत बसलोय म्हणून.

होगनच्या करारात आपल्या कथेवर शेवटचा शब्द आपला, असं कलम होतं. डब्ल्यूसीडब्ल्यूत मोठ्या नावांना भरघोस ठरीव पगार होता, लढले काय आणि न लढले काय. खाली वाट बघणारे तरुण कंटाळून निघून गेले, ख्रिस जेरिको १९९९ मध्ये, एडी गरेरो आणि आणखी तिघं २००० च्या जानेवारीत. पुढचं दीड वर्ष मी भराभर उरकतो, कारण त्यात घसरणीशिवाय फारसं काही नाही. बिशॉफला बाजूला केलं, मॅकमॅहनकडचा लेखक आणला, एका सिनेनटाला अजिंक्यपद दिलं, मग त्या लेखकानं ते स्वतःलाही घेतलं.

पण कंपनी मेली ती या मूर्खपणानं नव्हे, असं मला वाटतं. तोट्यातले कार्यक्रम वर्षानुवर्षं चालतात, मालकाची मर्जी असेल तर. टर्नरची कंपनी १९९६ मध्ये टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली, टाइम वॉर्नर पुढे एओएलमध्ये. प्रत्येक विलीनीकरणात टर्नर निर्णयापासून एक पायरी लांब गेला. २००० या एका वर्षात डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा सहा कोटी डॉलरच्या वर गेला. बिशॉफ आणि काही गुंतवणूकदार कंपनी विकत घ्यायला तयार होते. मार्च २००१ मध्ये टर्नरच्या चॅनेलांचा नवा प्रमुख जेमी केलनर यानं ठरवलं की आपल्या चॅनेलांवर कुस्ती नको. झालं. टीव्हीवरची वेळच नसेल तर कुस्तीची कंपनी विकत घेऊन करायचं काय? बिशॉफचे गुंतवणूकदार मागे हटले. ज्याला त्या वेळेची गरजच नव्हती असा एकच गिऱ्हाईक उरला. मॅकमॅहननं नाव, चित्रफितींचा साठा आणि काही पैलवानांचे करार मिळून सगळं काही सुमारे बेचाळीस लाख डॉलरमध्ये उचललं.

२६ मार्च २००१ ला फ्लोरिडात पनामा सिटी बीचवर शेवटचा नायट्रो झाला. टीएनटी लावलं तर पहिला चेहरा दिसला विन्स मॅकमॅहनचा. शेवटची कुस्ती रिक फ्लेअर आणि स्टिंग यांची, मॉलमधल्या पहिल्या रात्री लढले होते तेच दोघे. फ्लेअरची पन्नाशी उलटलेली, अंगात टी-शर्ट. स्टिंग जिंकला आणि दोघांनी रिंगमध्येच एकमेकांना मिठी मारली.

मडूसाला डब्ल्यूडब्ल्यूईनं, म्हणजे नाव बदललेल्या डब्ल्यूडब्ल्यूएफनं, वीसेक वर्षं दारात उभं केलं नाही. २०१५ च्या मार्चमध्ये तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ती व्यासपीठावर आली, तिथं एक कचऱ्याचा डबा ठेवलेला होता. तिनं त्यात हात घालून पट्टा बाहेर काढला आणि खांद्यावर टाकला.